सारखी दोन मशीन्स, वेगळा वेग : मोजणीच्या प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

हे काम एका तक्रारीतून सुरू झालं, म्हणून आधी तीच लिहून ठेवते. आमच्याकडे एकाच मॉडेलचे दोन डेस्कटॉप आहेत. सहा कोअरचा तोच प्रोसेसर, १६ जीबी रॅम, तीच एसएसडी, लिनक्सची तीच आवृत्ती. नोंदींच्या सोयीसाठी एकाला ‘अ’ म्हणते, दुसऱ्याला ‘ब’. दोन्हींवर मोठ्या प्रतिमांवर फिल्टर चालवण्याचं काम होतं. प्रतिमांचा एक ठरावीक गठ्ठा ‘अ’वर ६ मिनिटं ४० सेकंदांत उरकतो. ‘ब’वर त्यालाच पावणेदहा मिनिटं लागतात.

‘ब’वर बसणाऱ्या ताई दोन महिने हेच सांगत होत्या. दर वेळी कुणीतरी यायचं, रेंडरिंगवर आधारलेलं एक तयार बेंचमार्क सॉफ्टवेअर एकदा चालवायचं, दोन्ही स्कोअर दोन-तीन टक्क्यांच्या आत जुळायचे आणि विषय तिथेच संपायचा. आज त्या म्हणाल्या, “स्कोअर सारखा आहे हे मला मान्य आहे गं. पण मी दिवसभर स्कोअर चालवत नाही, प्रतिमा चालवते.”

मला ते पूर्ण पटलं. त्यांचं घड्याळ खोटं बोलत नव्हतं आणि स्कोअरही खोटा नव्हता. दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते, एवढंच.

बेंचमार्क सॉफ्टवेअर करतं काय, ते एकदा स्वतःसाठी मांडलं. ठरवून दिलेलं काम प्रोसेसरला द्यायचं, वेळ मोजायची, पुन्हा पुन्हा करायचं आणि आलेल्या वेळेची तुलना एखाद्या संदर्भ मशीनशी करायची. गीकबेंच ६ मध्ये २५०० हा आकडा म्हणजे कोअर आय७-१२७०० प्रोसेसरची पातळी. बेंचमार्क ठरवणाऱ्या स्पेक या संस्थेच्या सीपीयू २०१७ संचात संदर्भासाठी सन फायर व्ही४९० हा जुना सर्व्हर धरलाय. म्हणजे स्कोअर हे शेवटी गुणोत्तर आहे, आणि ते कुठल्या कामावरून काढलंय यावर त्याचा सगळा अर्थ उभा आहे.

ठरवलं ते असं: सीमध्ये स्वतःचं छोटं साधन लिहायचं आणि मशीनच्या एकेका भागाला वेगळं गाठून विचारायचं.

५ मार्च

पहिला तुकडा लिहिला. दहा कोटी वेळा गुणाकार आणि बेरीज करणारा लूप, आधी घड्याळ वाचायचं, नंतर पुन्हा वाचायचं. ऑप्टिमायझेशन (कोड जलद करण्याची सोय) चालू ठेवून कंपाइल केलं, म्हणजे प्रोसेसरच्या भाषेत उतरवलं. उत्तर आलं: एका मायक्रोसेकंदापेक्षाही कमी.

दहा कोटी फेऱ्यांना एवढ्यात संपणं शक्यच नाही. असेंब्ली, म्हणजे कंपायलरनं तयार केलेल्या सूचनांची यादी, उघडून पाहिली तर दोन घड्याळवाचनांच्या मध्ये काहीच नव्हतं. लूपचं उत्तर मी पुढे कुठे वापरलंच नव्हतं, म्हणून कंपायलरनं तो सबंध लूप काढून टाकला होता. त्याच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. ज्याचं फळ कुणाला नको ते काम करायचं कशाला?

मग उत्तर शेवटी छापायला लावलं. तरीही वेळ जवळजवळ शून्यच. या वेळी सुरुवातीच्या सगळ्या किमती कोडमध्येच लिहिलेल्या असल्यानं कंपायलरनं हिशोब आधीच करून तयार उत्तर ठेवलं होतं. शेवटी सुरुवातीची किंमत प्रोग्राम चालवताना बाहेरून घेतली आणि उत्तर एका व्होलटाइल (कंपायलरला गाळता न येणाऱ्या) चलात टाकलं, तेव्हा कुठे लूप असेंब्लीत दिसला.

नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिला: आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी असेंब्ली बघायची.

७ मार्च

आजचा दिवस घड्याळाचा. चाचणी रात्रभर चालू ठेवली होती. सकाळी हजारो नोंदींमध्ये एक नोंद उणे निघाली. काम सुरू व्हायच्या आधीच संपलं, असा तिचा अर्थ.

मी भिंतीवरच्या घड्याळासारखं सिस्टीमचं साधं घड्याळ वापरत होते. ते नेटवर्कवरून दुरुस्त होत राहतं. रात्री कधीतरी ते मागे सरकलं आणि नेमकं त्याच वेळी माझं मोजमाप चालू होतं. आता मोनोटोनिक घड्याळ लावलंय. ते दिवसाची वेळ सांगत नाही, फक्त पुढे जात राहतं, आणि कालावधी मोजायला तेच हवं. विंडोजवर याच कामाला क्वेरी परफॉर्मन्स काउंटर वापरतात.

घड्याळ वाचायलाही वेळ लागतो. ते सलग दहा लाख वेळा वाचून पाहिलं, एका वाचनाला सुमारे २५ नॅनोसेकंद पडले. म्हणजे १०० नॅनोसेकंदांचं काम एकेकटं मोजायला गेलं तर त्याच्या पाव भागाइतका वेळ घड्याळाचाच. म्हणून छोटं काम हजारो वेळा करून एकदाच मोजायचं आणि भागाकार करायचा.

१० मार्च

त्याच मशीनवर तीच चाचणी पन्नास वेळा चालवली. पन्नास वेगळे आकडे आले. सगळ्यात जलद आणि सगळ्यात संथ यांत ११ टक्क्यांचा फरक! ‘अ’ आणि ‘ब’ची तुलना करण्याआधी ‘अ’ची ‘अ’शीच तुलना जुळायला हवी.

पहिल्या दोन-तीन फेऱ्या नेहमी संथ होत्या. मशीन निवांत असताना प्रोसेसर आपली फ्रीक्वेन्सी उतरवून ठेवतो, काम आल्यावर चढवतो. शिवाय पहिल्या फेरीत मेमरीची पानं (ठरावीक आकाराचे तुकडे) नव्यानं मिळवावी लागतात, कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, जलद मेमरी) रिकामी असते. आता पहिल्या तीन फेऱ्या मोजायच्याच नाहीत, आणि गव्हर्नर (फ्रीक्वेन्सी ठरवणारी लिनक्सची सेटिंग) ‘परफॉर्मन्स’वर ठेवायचा. प्रत्येक थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधला एकेक स्वतंत्र धागा, एका कोअरला बांधून टाकला, नाहीतर ऑपरेटिंग सिस्टीम त्याला इकडून तिकडे हलवत राहते. ब्राउझर बंद, फाइलींचं अनुक्रमण करणारी सेवा बंद. फरक दीड टक्क्यावर आला. यापेक्षा कमी फरकाला मी फरक म्हणणार नाही.

पन्नासांतून कुठला आकडा घ्यायचा? सरासरी नको. मध्येच एखादी पार्श्वभूमीची प्रक्रिया जागी झाली की एकच फेरी सगळी सरासरी ओढून नेते. हार्डवेअरची क्षमता विचारायची असेल तर सगळ्यात कमी वेळ घेणं योग्य, कारण अडथळे वेळ वाढवतात, कमी करत नाहीत. माणसाला रोज काय अनुभव येतो हे विचारायचं असेल तर मध्यक. स्पेकच्या नियमांतही तीन फेऱ्या केल्या तर मधली घेतात, दोनच केल्या तर त्यांतली संथ. मी मध्यक घेतेय आणि शेजारी किमान-कमाल लिहितेय.

एक गोष्ट अजून मनात घोळतेय. २००९ मध्ये एक शोधनिबंध आला होता. त्यात दाखवलं होतं की पर्यावरण चलांची (प्रोग्रामला सिस्टीमकडून मिळणाऱ्या सेटिंगची) लांबी बदलली किंवा ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले कोडचे तुकडे) जोडण्याचा क्रम बदलला, तरी प्रोग्रामचा वेग बदलतो. स्टॅकची किंवा कोडची मेमरीतली जागा थोडी सरकते, एवढं कारण पुरतं. म्हणून दोन्ही मशीन्सवर तीच बायनरी (कंपाइल झालेला प्रोग्राम), त्याच नावाच्या वापरकर्त्याच्या खात्यातून, त्याच नावाच्या फोल्डरमधून चालवते.

१२ मार्च

प्रोसेसरच्या चाचण्या झाल्या. पूर्णांक, दशांश, शाखा असलेला कोड, सॉर्टिंग. एका कोअरवर आणि सहाही कोअर्सवर. ‘अ’ आणि ‘ब’ सगळीकडे एका टक्क्याच्या आत. तयार स्कोअरनं जे सांगितलं होतं तेच.

डिस्कही आजच उरकली. दोन्ही साटा एसएसडी सलग वाचनाला ५३० एमबी प्रति सेकंदाच्या आसपास, ४ केबीच्या सुट्या वाचनातही बरोबरीच्या. एक सावधगिरी फक्त: तीच फाइल दुसऱ्यांदा वाचली तेव्हा वेग कित्येक जीबी प्रति सेकंद दिसला. ती डिस्क नव्हती, आधी वाचलेलं रॅममध्ये जपून ठेवणारा पेज कॅश होता. हा कॅश टाळणाऱ्या डायरेक्ट पद्धतीनं फाइल उघडल्यावर खरा आकडा परत आला.

मग तीन मिनिटांचा फरक येतो कुठून?

संध्याकाळी जुन्या बेंचमार्कांबद्दल वाचत बसले आणि वाटतं की धागा तिथेच हाती लागला. १९८४ मध्ये राइनहोल्ड वायकर यांनी ड्राइस्टोन लिहिलं. त्याआधीच्या, दशांश गणितावर भर असलेल्या व्हेटस्टोनच्या नावावरचा तो शब्दखेळ. व्हॅक्स ११/७८० हे मशीन सेकंदाला १७५७ ड्राइस्टोन करायचं, आणि त्यालाच एक एमआयपीएस (सेकंदाला दहा लाख सूचना) धरून पुढे वर्षानुवर्षं प्रोसेसर मोजले गेले. अडचण अशी की ड्राइस्टोन फार लहान आहे. नंतरच्या प्रोसेसर्समध्ये ते सबंध कॅशमध्ये मावतं. मेमरी कितीही संथ असो, त्याला कळतच नाही. कंपायलरवाल्यांनाही ते पाठ झालं.

स्पेकची स्थापना १९८८ मध्ये झाली, ती खऱ्या प्रोग्राम्सवर मोजायचं म्हणून. तिथेही सुटका नव्हती. पहिल्या संचात मॅट्रिक्स३०० नावाची चाचणी होती. कंपायलर मॅट्रिक्सचे कॅशमध्ये मावणारे ठोकळे पाडायला शिकले आणि त्या एका चाचणीचे आकडे एकदम वर गेले. १९९२ च्या संचातून ती काढून टाकावी लागली.

माझ्या आजच्या सगळ्या चाचण्या ड्राइस्टोनसारख्याच आहेत. सॉर्टिंगचा अॅरे १ एमबीचा, बाकी त्याहून लहान. या प्रोसेसरचा एल३, म्हणजे शेवटचा आणि सगळ्यात मोठा, कॅश १२ एमबी आहे. मी प्रोसेसर मोजला, पण मेमरीला एकदाही हात लावला नाही. ताईंची एकेक प्रतिमा काही शे एमबीची असते.

१३ मार्च

मेमरीची चाचणी लिहिली. २५६ एमबीचा अॅरे कॅलॉक या सीमधल्या फंक्शननं मागून घेतला, सहा थ्रेडनी वाचून बेरीज करायची. ‘अ’वर उत्तर आलं १५० जीबी प्रति सेकंदाच्या वर. ‘ब’वरही तेवढंच.

कागदावर हिशोब केला. रॅम डीडीआर४-३२०० जातीची, म्हणजे सेकंदाला ३२० कोटी वेळा देवाणघेवाण, दर वेळी एका चॅनलवर (प्रोसेसर आणि रॅममधल्या एका मार्गावर) ८ बाइट. एका चॅनलचे २५.६ जीबी, दोन चॅनल्सचे ५१.२. हार्डवेअरच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट आकडा येणं अशक्य. चाचणी चुकलेली आहे, हे निश्चित.

कारण सापडायला संध्याकाळ झाली. मागितलेली मेमरी लिनक्स लगेच देत नाही. ज्या पानावर अजून काही लिहिलेलंच नाही ते वाचायला गेलं, तर तो शून्यांनी भरलेलं एकच सामाईक पान सगळ्यांच्या जागी दाखवतो. माझा २५६ एमबीचा अॅरे प्रत्यक्षात तेच एक पान पुन्हा पुन्हा वाचत होता, आणि ते पान प्रोसेसरच्या अगदी जवळच्या कॅशमध्ये बसलं होतं.

उपाय सोपा: वाचण्याआधी प्रत्येक पानावर काहीतरी लिहायचं. तोही त्याच थ्रेडनं, जो पुढे ते पान वाचणार आहे.

हा दिवस मला महत्त्वाचा वाटतो. कमाल मर्यादेचा हिशोब आधी केला नसता, तर ‘दोन्ही मशीन्सची मेमरी सारखीच’ असं आज लिहून टाकलं असतं. आता प्रत्येक चाचणीआधी कागदावर लिहायचं: उत्तर जास्तीत जास्त किती येऊ शकतं.

१७ मार्च, सोमवार

स्ट्रीम या बेंचमार्कच्या पद्धतीनं पुन्हा लिहिलं. जॉन मॅकॅल्पिन यांनी केलेली ही चाचणी दिसायला अगदी साधी आहे: कॉपी, गुणाकार, बेरीज आणि शेवटी ट्रायड, म्हणजे एका अॅरेत दुसऱ्याची आणि तिसऱ्याच्या पटीची बेरीज लिहायची. अट एकच, अॅरे शेवटच्या कॅशच्या किमान चौपट मोठा हवा. १२ एमबीच्या चौपट ४८, माझा २५६ चा. भरपूर झाला.

ट्रायड, सहा थ्रेड, वीस फेऱ्यांचा मध्यक:
‘अ’: ३३ जीबी प्रति सेकंद.
‘ब’: १७ जीबी प्रति सेकंद.

सापडलं. निम्मं!

आकडा नीट वाचायला हवा. ट्रायडच्या एका पावलाला स्ट्रीम २४ बाइट धरतं, दोन वाचन आणि एक लेखन. पण साध्या लेखनाआधी प्रोसेसर ती ६४ बाइटची कॅशलाइन (कॅशमध्ये एकदम येणारा तुकडा) आधी वाचून घेतो, म्हणून खरी वाहतूक ३२ बाइटची होते. त्या हिशोबानं ‘अ’वर ४४ आणि ‘ब’वर साडेबावीसच्या आसपास. एक ५१.२ च्या खाली, दुसरा २५.६ च्या खाली. आकडे स्वतःच बोलतायत: ‘ब’ एका चॅनलवर चालतंय.

खात्री करायला दुसरी बाजूही मोजली. मेमरीत पत्त्यांची साखळी तयार केली, प्रत्येक घरात पुढच्या घराचा पत्ता, आणि सगळं विस्कटून ठेवलेलं. मागचं वाचल्याशिवाय पुढचं कुठे आहे ते कळतच नाही, त्यामुळे प्रोसेसरला पुढची उडी आधी ओळखता येत नाही. एका उडीला ‘अ’वर ८२ नॅनोसेकंद, ‘ब’वर ८३. म्हणजे एकेक थेंब दोन्हीकडे सारख्याच वेळात पोचतो, ‘ब’चा पाइप अरुंद आहे. एका थ्रेडवर ट्रायड चालवलं तर फरक पुष्कळ कमी दिसला, कारण एकटा कोअर सगळा पाइप भरूच शकत नाही. सहाही कोअर एकदम ओढायला लागले की तो पुरता उघडा पडतो. ताईंचे फिल्टर सहाही कोअर वापरतात.

१८ मार्च

हार्डवेअरची माहिती दाखवणारी डीएमआयडीकोड ही आज्ञा चालवून रॅमचे स्लॉट पाहिले, मग कॅबिनेट उघडून डोळ्यांनीही पाहिले. ‘अ’मध्ये ८ जीबीच्या दोन पट्ट्या. ‘ब’मध्ये १६ जीबीची एकच पट्टी, म्हणून एकच चॅनल; शेजारचा स्लॉट रिकामा. कधीतरी दुरुस्तीत पट्ट्या बदलल्या गेल्या असाव्यात. साहित्याच्या यादीत दोन्हींपुढे ‘१६ जीबी’ एवढंच लिहिलेलं, आणि ते खरंही आहे.

ताईंना रिकामा स्लॉट दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे दोन महिने माझं बरोबर होतं.” हो, बरोबर होतं. हे मी नोंदीत मुद्दाम लिहिते.

२१ मार्च

८ जीबीच्या दोन पट्ट्या मिळाल्या, वेगवेगळ्या चॅनलच्या स्लॉटमध्ये बसवल्या. ट्रायड ३३. प्रतिमांचा गठ्ठा: ६ मिनिटं ५० सेकंद.

पण ताईंनी दुपारी लागोपाठ पाच गठ्ठे चालवले. पाचव्याला ७ मिनिटं ४० सेकंद लागले. ‘अ’वर पाचवाही ६:४५ च्या आतच. अजून काहीतरी शिल्लक आहे.

२४ मार्च

माझ्या सगळ्या चाचण्या काही सेकंदांत संपणाऱ्या होत्या, त्यामुळे हा दोष त्यांना दिसणं शक्य नव्हतं. आज अर्धा तास सलग ओझं दिलं आणि दर सेकंदाला फ्रीक्वेन्सी व तापमान लिहून घेतलं. ‘अ’: ४.१ गीगाहर्ट्झवर शेवटपर्यंत स्थिर. ‘ब’: पहिली दोन-अडीच मिनिटं ४.१, तापमान चढत ९७ अंशांपर्यंत, आणि मग पायरीपायरीनं उतरत ३.४ गीगाहर्ट्झ. प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतोय.

सिनेबेंच आर२३ मध्ये चाचणी मुळातच किमान दहा मिनिटं चालवण्याची सोय का ठेवली असेल, ते आज हातानं मोजून कळलं. उलट गीकबेंच दोन चाचण्यांच्या मध्ये जरा थांबतं, म्हणजे आधीच्या चाचणीची उष्णता पुढचीच्या आकड्यात शिरू नये. दोन्ही बरोबर आहेत. एकाला टिकाऊ वेग हवाय, दुसऱ्याला थोडक्या वेळचा. वापरणाऱ्यानं आपलं काम कुठल्या जातीचं आहे ते ओळखायला हवं.

हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा थर पार नमद्यासारखा बसला होता. साफ केला, थर्मल पेस्ट नव्यानं लावली. कमाल तापमान ७८.

२६ मार्च

वरिष्ठांनी विचारलं की या सगळ्या चाचण्यांचा मिळून एकच स्कोअर देता येईल का. देता येतो, पण कसा, यावर दिवस गेला.

समजा दोन चाचण्या आहेत. पहिलीत ‘अ’ दुप्पट जलद, दुसरीत ‘ब’ दुप्पट जलद. ‘ब’ला एक धरून ‘अ’ची गुणोत्तरं २ आणि ०.५, साधी सरासरी १.२५. ‘अ’ २५ टक्के सरस! आता ‘अ’ला एक धरून ‘ब’ची गुणोत्तरं काढा, तीही ०.५ आणि २, सरासरी पुन्हा १.२५. आता ‘ब’ २५ टक्के सरस! संदर्भ बदलला की विजेता बदलतो. भूमितीय सरासरी घेतली तर दोन्हीकडून १ येतो. गुणोत्तरांसाठी भूमितीय सरासरीच घ्यावी असं फ्लेमिंग आणि वॉलेस यांनी १९८६ मध्येच मांडलं होतं, आणि स्पेकही तीच वापरतं.

तरीही मी एकच स्कोअर न देण्याच्या बाजूनं आहे. दुरुस्तीआधीच्या ‘ब’च्या माझ्या सतरा चाचण्यांची भूमितीय सरासरी काढून पाहिली: ‘अ’पेक्षा जेमतेम ४ टक्के कमी. एका चाचणीतला निम्मा आकडा सोळा बरोबरीच्या आकड्यांत विरून गेला. ताईंची तक्रार पुन्हा त्याच ४ टक्क्यांत पुरली गेली असती.

वरिष्ठांना हे उदाहरण दाखवल्यावर त्यांनी मान्य केलं. प्रत्येक मशीनसाठी चार आकडे ठेवायचे ठरलं: सहा कोअर्सवरची गणना, ट्रायड, ४ केबीचं सुटं वाचन, आणि अर्ध्या तासाच्या ओझ्यानंतरची फ्रीक्वेन्सी. पाचवी ओळ त्या मशीनवर रोज जे काम चालतं त्याच्या वेळेची. प्रत्येक आकड्यापुढे फेऱ्यांची संख्या, किमान-कमाल, कंपायलरची आवृत्ती आणि कुठल्या स्लॉटमध्ये किती जीबी, हे लिहायचंच.

२८ मार्च, शुक्रवार

‘ब’, सलग सहा गठ्ठे: ६:४३, ६:४१, ६:४४, ६:४२, ६:४४, ६:४३.

सहावा संपला तेव्हा ताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि पाचव्या ओळीत वेळ स्वतः लिहिली.

सोमवारपासून बाकीच्या नऊ मशीन्सचे स्लॉट तपासायला घेते.